मागच्या चार तारा

मारोतराव कुणाला नमस्कार करत नाहीत. दस्ती देतात.

दस्ती म्हणजे हातरुमाल. आमच्या परभणीकडे रुमाल म्हटला की तो डोक्याला बांधायचा. खिशातली ती दस्ती. मारोतरावांच्या खिशात अशा दोन असतात, पांढऱ्या, सुती, घडी केलेल्या. कुणी भेटलं की एक काढून त्याच्या डाव्या हातात ठेवायची, "धरा जरा" म्हणायचं आणि मग पाऊसपाणी, पोरंबाळं, कापसाची वेचणी असं काहीबाही बोलत राहायचं. समोरच्याला वाटतं, बिचाऱ्याचे हात अडकलेत. दोन मिनिटांनी दस्ती परत घ्यायची, अंगठ्याने चाचपायची आणि निकाल सांगायचा. "अर्धी वली." किंवा "कोरडी ठाक. पक्का मानूस." एकदा मीटरचा आकडा टिपायला आलेल्या माणसाला ते म्हणाले, "चिंब हाय की. घरी कुनी बिमार हाय का?" तो माणूस तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला. त्याची आई दवाखान्यात होती.

त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा नवऱ्यामुलाच्या हातात पोह्यांच्या बशीआधी दस्ती पडली. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. पाच मिनिटांनी मारोतरावांनी ती सगळ्यांदेखत पिळून दाखवली आणि भावाला म्हणाले, "देऊन टाका पोरगी. एवढा भ्यायलाय म्हंजी दुसऱ्याचं भ्या याला कळंल." पुतणी आज जिंतूरला सुखात आहे. तिचा नवरा मात्र अजूनही मारोतराव दिसले की हात पाठीमागे नेतो.

हे मारोतराव आमच्या मेंदूच्या दवाखान्यात मशीनवर असतात आणि मी बाहेर काउंटरवर. त्यांचं मशीन म्हणजे डोक्याला चिकटवायच्या एकवीस तारा. माणसाच्या मेंदूत जी बारीक वीज सतत खेळत असते, तिच्या रेषा त्या तारांमधून पडद्यावर उमटतात. शिवाय एक जादा तार छातीवर, हृदयाच्या ठोक्यांसाठी. ही छातीची तार मारोतरावांची फार लाडकी. तपासणी डोक्याची असली तरी त्यांचं निम्मं लक्ष पडद्याच्या तळाशी असलेल्या त्या एका रेषेवर असतं.

कारण त्यांना आयुष्यात एकच प्रश्न पडलेला आहे: "पयलं कोन?"

माणूस घाबरतो तेव्हा आधी डोक्याला कळतं की काळजाला? आमचे डॉक्टर शांतपणे समजावतात, की मेंदूतून मज्जातंतूंचं एक जाळं निघतं, ते आपल्याला न विचारता हृदय पळवतं, तळहात ओले करतं, अंगावर काटा उभा करतं, आणि खाली जे होतं त्याची खबर पुन्हा वर जाते. तेव्हा दोघांचं येणंजाणं चालूच असतं. मारोतरावांना हे उत्तर अजिबात चालत नाही. "दोगं एकदम दारातून कसे येतील, साहेब? एकजन म्होरं असंलच की."

एकदा बाजारात मोकाट वळू उधळला. लोक दिसेल त्या दुकानात घुसले. सगळ्यांच्या पुढे मारोतराव पळत होते आणि पळता पळता मागे वळून आमच्या औषधवाल्याला विचारत होते, "भ्यालाव म्हनून पळायलाव, का पळायलाव म्हनून भ्यालाव? ध्यानात ठिवा, मंग सांगा!" औषधवाला अजून त्यांच्याशी धड बोलत नाही.

पुढे का पळत होते, हे वेगळं सांगायला नको. नाव मारुतीचं आणि काळीज सशाचं. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण लिफ्ट, फटाके, प्रेशर कुकर, पाठीमागून येणारा माणूस, यातलं काहीही त्यांना चालत नाही. फोन वाजला की दचकतात, म्हणून फोन जेवणाच्या डब्याच्या वरच्या पुडात कापसात गुंडाळून ठेवतात. तो वाजला की आधी डबा गुणगुणतो. मारोतराव तरीही दचकतातच, फक्त जरा सावकाश. लग्न केलेलं नाही. एका खोलीत एकटे राहतात, आणि खोलीचं दार दिवसा सताड उघडं ठेवतात, म्हणजे कुणी वाजवायला नको.

मला त्यांनी आजवर तीनदा दस्ती दिली. तीनदाही मी पडलेली फाईल उचलायला खाली वाकले. फाईल पडलेली नव्हती.

मला माहीत होतं, चिंब निघणार.

आता सांगायला हरकत नाही. नववीत असल्यापासून मला एक काहीतरी व्हायचं. डाव्या मनगटावर काटा यायचा आणि तो चढत खांद्यापर्यंत जायचा. मग पोटात, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर होतं तसं, सगळं वर उचलल्यासारखं व्हायचं. छाती धडधडायला लागायची. समोरचा काय बोलतोय ते ऐकू यायचं, पण त्याचा अर्थ लागायचा नाही. अर्धा मिनिट. मग घाम, आणि सगळं पूर्ववत. वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. शाळेत बाई म्हणायच्या, अभ्यास झालेला नसला की हिला धाप लागते. सासूबाई म्हणायच्या, लहानपणी धसका बसला असेल. नवरा तर लाडाने भित्री भागूबाईच म्हणतो. मलाही ते पटलेलं होतं. काहीजण रागीट असतात, काही विसराळू, तशी मी भित्री.

पण गेल्या वर्षापासून ते आठवड्यातून दोन-दोनदा यायला लागलं. मी सेलूहून रोज गाडीने परभणीला येते. एकदा सेलूच्या स्टेशनवर, पुलाच्या पायऱ्या उतरताना आलं. मी कठडा धरून उभी राहिले आणि भानावर आले तेव्हा माझी गाडी निघून गेलेली होती. ती कधी आली, कधी गेली, मला पत्ता नाही.

मेंदूच्या दवाखान्यात बसणारी बाई मी. रोज दहा-पंधरा लोकांना तपासणीच्या चिठ्ठ्या देते, वर "घाबरू नका, काही होत नाही" असं सांगते. आणि स्वतःबद्दल ओठ घट्ट मिटून बसले होते. कारण सरळ होतं. फीट निघाली, तर स्कूटी बंद, एकटीने सेलू-परभणी बंद, म्हणजे नोकरीचं काही खरं नाही. आणि नाही निघाली, तर मी नुसतीच भित्री आहे हे मशीननेच लिहून दिल्यासारखं. दोन्हीकडून माझंच वाईट. त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं म्हणत मी दिवस ढकलत होते, आणि आज येतं की उद्या येतं या काळजीनेच हात ओले व्हायचे ते वेगळेच.

हे फुटलं ते एका जागरणामुळे.

तपासणीला येताना डोक्याला तेल नको, नाहीतर तारा चिकटत नाहीत. आणि झोप कमी झालेली असली की मेंदूतला बिघाड लवकर दिसतो. म्हणून मारोतरावांनी आपल्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी लिहून तिच्या प्रती काढून ठेवल्या होत्या: 'केस धुवून, तेल न लावता, जागरण करून यावे.' त्यातली एक मी चारठाण्याकडच्या एका कुटुंबाला दिली. त्यांच्या सुनेला चक्कर यायची.

चार दिवसांनी सकाळी दवाखान्यासमोर जीप उभी राहिली आणि तिच्यातून चौदा माणसं उतरली. सगळ्यांचे डोळे लाल आणि कपाळं पिवळी. त्यांनी खंडोबाचं जागरण घातलं होतं. रीतसर, वाघ्या-मुरळी बोलावून, गावजेवण करून. वेटिंग रूममध्ये शिरताच एकेकाने भिंत धरली आणि पंधरा मिनिटांत तेरा जण घोरायला लागले. चौदावी तेवढी टवटवीत होती. ती पेशंट.

"रातभर जागल्या का?" मारोतरावांनी विचारलं.

"छे हो," तिची सासू एक डोळा उघडून म्हणाली, "तिची तब्येत नाजूक. तिला आमी नवालाच निजवलं. बाकी आमी समदे जागलो. तुमच्या कागदाबाहेर न्हाई गेलो."

शिवाय सुनेच्या केसांत मूठभर भंडारा. हळदीच्या त्या थरावर एकही तार टिकेना. दुसरा कुणी असता तर परत पाठवलं असतं. मारोतराव तिला मागच्या नळावर घेऊन गेले, स्वतः शॅम्पू लावून तिचे केस दोनदा धुतले, आणि "खंडोबाला राग येतो का?" असं तिने विचारल्यावर म्हणाले, "त्याला कशाचा राग? त्याच्याबी डोक्याला तार लावायची तर धुवावंच लागंल."

त्याच गडबडीत काउंटरवर मला ते आलं. मनगट, खांदा, पोट, छाती. अर्धा मिनिट. भानावर आले तर समोरच्या रजिस्टरमध्ये एकच नाव मी तीन ओळींवर तीनदा लिहिलेलं होतं, तिसऱ्यांदा अक्षर पार घसरलेलं. आणि दारात मारोतराव उभे, हात कोपरापर्यंत फेसाने भरलेले.

संध्याकाळी निघताना त्यांनी कॅलेंडरचं एक जुनं पान माझ्यासमोर ठेवलं. त्याच्या पाठीवर तारखा होत्या, वेळा होत्या, आणि पुढे बारीक अक्षरात: 'ताई. काटा. मग श्वास. २५ सेकंद.' 'ताई. काटा. पेन पडला. ३० सेकंद.' दोन महिन्यांचा हिशेब होता तो, माझ्या अंगाचा.

मी भडकले. "माझ्यावर पाळत ठेवायलाव का तुमी?"

"हो," ते म्हणाले. "तुमी सांगायला न्हाईत म्हनून."

"मला काही झालेलं नाही. मी घाबरट आहे, बास."

"घाबरट मी हाव, ताई," मारोतराव म्हणाले. "मला भ्या वाटलं की पयलं कारन असतं, मंग घाम. फोन वाजतो, कुकर वाजतो. तुमचं काईच वाजत न्हाई आन् काटा येतो. त्येबी येकाच हाताला. मी दोन मयने बघायलो. परवाच्या दिवशी या. केस धुवून. आन् जागरन..." ते थांबले. "झोपू नगा म्हंजी. वाघ्या-मुरळी बोलवू नगा."

मी रागाने पान फाडायला घेतलं आणि फाडलं नाही.

तपासणीच्या आदली रात्र मी जागून काढली. मला जागं ठेवायला नवराही बसला होता, तो दहाला घोरायला लागला. सकाळी त्याची शाळेत परीक्षेची ड्यूटी होती, दुपारच्या गाडीने घ्यायला येतो म्हणाला. मी एकटीच निघाले. फलाटावर पार मागे, भिंतीला टेकून उभी राहिले.

रोज ज्या खोलीत मी इतरांना पाठवते, तिच्यातल्या खाटेवर स्वतः आडवं व्हायचं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. मारोतरावांनी टेपने डोकं मोजलं, लाल पेन्सिलने खुणा केल्या, एकेक तार पांढऱ्या लेपात बुडवून दाबली. बोटं गार होती त्यांची. "भ्या वाटलं तर वाटू द्या," ते प्रत्येकाला सांगतात तेच मला म्हणाले, "मशीनला चालतं."

डोळे मिटा. डोळे उघडा. पुन्हा मिटा. मग तीन मिनिटं जोरजोरात श्वास. "वली लाकडं असलेली चूल फुंकायलाव असं समजा. फुंका. आनखी. फुंका."

दुसऱ्या मिनिटाला मनगटावर काटा आला.

खरं सांगते, त्या क्षणीही मला तो लपवायचा होता. हात चादरीखाली ओढून घेतला. तारा डोक्याला लावलेल्या होत्या आणि मी हात लपवत होते!

"येऊ द्या, ताई," मारोतरावांचा आवाज आला. सशाच्या काळजाच्या माणसाचा तो आवाज नव्हता. "मी हितंच हाव. एक शब्द सांगतो, ध्यानात ठिवा. जांभूळ."

मग पाळणा वर गेला.

खाली आला तेव्हा ते माझ्यावर वाकलेले होते. "कोनता शब्द सांगितला व्हता?"

मला काही आठवेना. सांगितला होता एवढंच आठवत होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्यांना बरं वाटेल असा कुठलातरी शब्द सांगावा म्हटलं तर तोही सुचेना.

"असू द्या," ते म्हणाले आणि पडद्याकडे वळले.

"मारोतराव," मी म्हणाले, "सांगा की. पयलं कोन?"

वर्षानुवर्षं जो प्रश्न ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत आले, तो आज त्यांना कुणीतरी विचारत होतं. उत्तरही समोर होतं. पण रेषा वाचायचं काम डॉक्टरांचं, मशीनवाल्याने पेशंटला काही सांगायचं नाही, हा नियम. "साहेब सांगतील," एवढंच ते म्हणाले, आणि तारा काढायला लागले. एकच तार त्यांनी तीनदा पुसली. ते बघून माझं उरलंसुरलं अवसान गेलं.

डॉक्टरांच्या केबिनबाहेर मी वीस मिनिटं बसले. तशी वीस मिनिटं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत.

डॉक्टरांनी मला पडदाच दाखवला. "ही उजव्या कानशिलाजवळची रेषा. इथे बघा, टोकदार लाटा सुरू झाल्या. आणि ही तळाची, हृदयाची. इथपर्यंत शांत आहे. सात-आठ सेकंद गेले आणि मग ठोके धावायला लागले." त्यांनी चष्मा काढला. "घाबरल्यामुळे तुमचं हे होत नाही. मेंदूच्या एका कोपऱ्यात वीज भडकते. काटा, घाम, धडधड, ती भीतीची भावनासुद्धा, सगळं तिने चाळवलेलं. फीटच आहे, पण लहान जातीची. गोळ्यांनी आटोक्यात येते बहुतेक वेळा. काही महिने स्कूटी नाही, फलाटाच्या कडेला उभं राहायचं नाही, सोबतीशिवाय प्रवास नाही, सेलूहून येणारं कुणीतरी बरोबर घ्या. नोकरी आहे तशी आहे. तुम्ही नसलात तर रजिस्टर कोण लिहिणार?"

मला आधी राग आला. नववीतल्या बाईंचा, सासूबाईंचा, भागूबाईचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. एवढी वर्षं मी स्वतःला जे समजत होते ते मी नव्हतेच. मग हळूहळू इतकं हलकं वाटलं, की खुर्चीवरून उठताना तोल गेला. डॉक्टर म्हणाले, "बसा, नवरा येईपर्यंत इथून हलायचं नाही," आणि जेवायला घरी गेले.

दवाखाना दोन ते पाच बंद असतो. एरवी मी त्या वेळात गावातल्या आत्याकडे जेवायला जाते. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की मारोतराव कुठेच जात नाहीत.

ते मशीनच्या खोलीत डबा उघडून बसले होते. मला बघून म्हणाले, "लय नशीबवान हाव तुमी, ताई."

"फीट निघाली माझी," मी म्हणाले. "नशीबवान काय?"

"बिमारी निघाली. बिमारीला गोळी असती." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. मग कॉम्प्युटरवर एक यादी उघडून दाखवली. नाव मारोती, वय सेहेचाळीस. नाव मारोती, वय सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. छप्पन्नपर्यंत, वर्षातून तीन-तीन, चार-चार वेळा. सगळ्या त्यांच्या स्वतःच्या डोक्याच्या रेषा.

"दुपारी कुनी नसतं," ते म्हणाले. "तवा लावून बघतो. म्हनलं कुटंतरी येखादी लाट वाकडी निघंल. साहेबाला दाखवीन. साहेब गोळी देतील. मंग फोन वाजंल आन् मी नुस्ता उचलीन. पन काईच निघत न्हाई. सगळं चांगलंच हाय. चांगलं हाय तर मंग हे असं कामून हाय?"

जो निकाल ऐकायची मला दहशत होती, तो हा माणूस दहा वर्षं मागत होता आणि त्याला मिळत नव्हता.

पडद्यावर बघता बघता माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक नोंदीत चार रेषा नुसत्याच गिचमिड होत्या. "हे काय?"

"मागच्या चार तारा. स्वताच्या हातानं मागं नीट बसत न्हाईत. आडवं झालं की निगतात." त्यांनी त्या रेषांवरून बोट फिरवलं. "आन् खरी निवांत लाट मागंच दिसती, डोळे मिटल्यावर. माझे मिटतच न्हाईत. खोलीत येकटा असलो आन् डोळे मिटले, की वाटतं दारात कुनीतरी आलं."

"मला का नाही सांगितलंत कधी?"

"काय सांगायचं, ताई? माझ्यापाशी बसा म्हनून?"

दहा वर्षं ते दुसऱ्यांच्या डोक्याला तारा लावत होते आणि त्यांच्या डोक्यामागे चार तारा दाबायला कुणी नव्हतं. मला कधीनव्हे ते त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडलेही. "झोपा तिथे," मी म्हणाले. "आणि लेप कुठंय?"

मी काउंटरवरची बाई. तार कशी लावतात ते हजारदा बघितलेलं, पण हाताने कधी केलेलं नाही. पुढच्या तारा आणि छातीची त्यांनी सवयीने स्वतःच लावल्या, मागच्या चार माझ्याकडे. पहिली दोनदा निसटली. ते हातातल्या आरशात बघून सूचना देत होते, "वर, जरा वर, आता अंगठ्यानं दाबा, अजून, मी काय काचेचा न्हाई." चारही बसल्या. ते आडवे झाले आणि मी त्यांच्या स्टुलावर बसले. तळाच्या रेषेपाशी ठोक्यांचा आकडा होता, एकशे आठ.

"मिटा डोळे."

मिटले. लगेच उघडले. "हायेत ना?"

"आहे."

पुन्हा मिटले. पडद्यावर नुसता काटेरी गोंधळ. "हायेत ना?"

"आहे, मारोतराव."

असं चार-पाच वेळा झालं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी ट्रॅक्टर चालू केला, त्यांच्या पापण्या फडफडल्या. मी मुद्दाम स्टूल थोडं करकरवलं, म्हणजे कुणीतरी बसलंय हे त्यांना ऐकू यावं. मग मागच्या चार रेषांवर काहीतरी व्हायला लागलं. आधी तुटक, मग सलग, एकसारख्या, गोलसर लाटा, गोधडीवर एका मापाने टाके घालत जावं तशा. मी अशा हजारो बघितल्यात, पण मला इतका आनंद झाला की राहवलं नाही. "मारोतराव, आलं!"

"कोन आलं?" ते ताडकन उठून बसले. सगळ्या रेषा विस्कटल्या, आकडा एकशे वीसवर.

मी कपाळाला हात लावला. पुन्हा पहिल्यापासून. "हायेत ना?" "आहे." लाटा परत आल्या, तेव्हा मी तोंडावर हात धरून बसले होते. या वेळी त्या विस्कटल्या नाहीत, हळूहळू पसरत गेल्या आणि मारोतरावांना झोप लागली. साडेचारला नवरा दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी त्याला बोटाने गप्प केलं. परीक्षेच्या गडबडीतून धावतपळत आलेला माणूस, माझं काय निघालं या काळजीत, तो तसाच चप्पल हातात घेऊन उभा राहिला.

जागे झाल्यावर मारोतरावांनी आधी पडद्याजवळ नाक नेलं. मागच्या लाटांकडे त्यांनी बघितलंच नाही. तळाच्या रेषेवर बोट ठेवलं. "हे एकशे आठचं ब्याऐंशी कवा झालं?"

"तुम्ही सहाव्यांदा 'हायेत ना' विचारलंत," मी म्हणाले, "त्यानंतर. मग परत विचारलंच नाहीत."

त्यांनी रेषेवरचं बोट काढलं. डोक्यावर पांढरे ठिपके, मानेवर लेप ओघळलेला.

"मंग याला गोळी न्हाईच," शेवटी ते म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "उद्यापासून मी आत्याकडे जात नाही. माझा डबा इथंच आणते."

मारोतरावांनी मान हलवली. मी निघाले, दारापर्यंत गेले, तेव्हा मागून हळूच आवाज आला.

"ताई, वांगं नका आनू. वांग्यानं मला धडधडतं."

वांगं मलाही आवडत नाही, असं मी साफ खोटं सांगितलं.